व्यवसायवाचक आडनावे : ‘कुलकर्णी’ या नावाचा उगम आणि भौगोलिक प्रसार

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर व्यवसायवाचक शब्दाचे आडनाव केव्हा होते आणि केव्हा होत नाही, हे तुम्हांला सकारण सांगता येईल. ‘कुलकर्णी’ या आडनावाची व्युत्पत्ती, हुद्द्यापासून कुलनामापर्यंतचा त्याचा प्रवास आणि प्रदेशपरत्वे आढळणारे त्याचे पर्याय तुम्हांला स्पष्ट करता येतील. आडनावाचा पुरावा म्हणून उपयोग करताना कोणती सावधगिरी बाळगावी, याचाही विचार तुम्ही करू शकाल.

६.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, आडनाव ही आपल्या इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट आहे की तो एक शब्द आहे, त्याला व्युत्पत्ती आहे, ध्वनिपरिवर्तनाचे नियम लागू आहेत आणि बोलीप्रमाणे त्याचाही एक नकाशा काढता येतो, हे सहसा लक्षात येत नाही. ‘आडनाव’ हा शब्दच पाहा. ‘आड’ म्हणजे मुख्य नसलेले, बाजूचे. आडवाट, आडगाव, तसे आडनाव. मूळ नावाला मदतीस घेतलेले हे दुय्यम नाव आज शाळेच्या दाखल्यापासून बँकेच्या पुस्तकापर्यंत सर्वत्र मुख्य नावाच्या बरोबरीने मिरवते.

उदाहरणादाखल शिर्डीशी निगडित काही नावे घेऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यांचा या गावाशी संबंध आला, अशा अनेकांची नावे गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या ‘श्रीसाईसच्चरित’ या ओवीबद्ध ग्रंथामुळे महाराष्ट्राला परिचित आहेत. ग्रंथाचा भक्तिविषय बाजूला ठेवून आपण केवळ नावांकडे पाहू. माधवराव देशपांडे हे गावच्या शाळेत शिक्षक होते. ‘देशपांडे’ हा मात्र परगण्याच्या हिशेबनिसाचा हुद्दा. हरी सीताराम दीक्षित मुंबईत सॉलिसिटर होते. ‘दीक्षित’ म्हणजे यज्ञाची दीक्षा घेतलेला. म्हाळसापती सोनारकाम करीत आणि खंडोबाची पूजाअर्चा पाहत. त्यांचे आडनाव ना सोनार ना पुजारी, तर नागरे. नानासाहेब चांदोरकर डेप्युटी कलेक्टर होते, पण आडनाव केवळ गाव सांगते. तात्या कोते पाटील या नावात कुलनाम आणि हुद्दा दोन्ही शेजारी शेजारी उभे आहेत.

ही नामावली एक कोडे घालते. शिक्षकाच्या आडनावात कारकुनी आहे, पण प्रत्यक्ष सोने घडवणाऱ्याच्या आडनावात सोने नाही. मग कोणत्या धंद्याचे आडनाव होते आणि कोणत्या धंद्याचे होत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण ‘कुलकर्णी’ हे नाव मध्यवर्ती धरणार आहोत. सोयीसाठी या घटकात हुद्द्याला ‘कुळकर्णी’ आणि आडनावाला ‘कुलकर्णी’ असे लिहिले आहे. हा लेखनभेद का पडला, तेही पुढे येईल.

६.२ एका गावात एकच गिरणीवाला

व्यवसायवाचक आडनावांचा सर्वांत तपशीलवार अभ्यास ज्या भाषांमध्ये झाला आहे, त्यांत जर्मन अग्रभागी आहे. तिथल्या अभ्यासकांनी २००९ ते २०१८ या काळात सात खंडांचा कुलनामांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यासाठी आधार घेतला तो २००५ सालच्या घरगुती दूरध्वनी जोडण्यांचा. कोणते नाव कोणत्या भागात किती दाट आहे, हे त्यातून नकाशावर उतरवता आले. मराठीत असा नकाशासंग्रह अजून झालेला नाही; व्हायला हवा, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रही मत आहे.

जर्मनीत सर्वाधिक आढळणारे आडनाव ‘म्युलर’, म्हणजे पाणचक्कीवर धान्य दळून देणारा. त्याच्या पाठोपाठ श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे कोळी. मध्ययुगात तिथली बहुसंख्य प्रजा शेतकरी होती. तरीही ‘शेतकरी’ या अर्थाचे ‘बाउअर’ हे आडनाव म्युलरच्या कितीतरी मागे आहे. असे का व्हावे? ज्या गावात शंभर घरे शेतकऱ्यांची आहेत, तिथे एखाद्याला ‘शेतकरी हाइनरिश’ म्हणून हाक मारण्यात काय हशील? पण गिरणीवाला हाइनरिश म्हटले की बोट नेमके एकाच घराकडे जाते, कारण गिरणी बहुधा गावात एकच असते.

येथे आपल्याला पहिले सूत्र मिळते. नाव हे वर्णन करण्यासाठी नसते, वेगळे काढण्यासाठी असते. जो शब्द भेद दाखवू शकत नाही, तो कितीही खरा असला तरी नाव म्हणून टिकत नाही. भाषाविज्ञानात ध्वनींच्या संदर्भात आपण ‘भेदकता’ ही संज्ञा शिकलो. तीच येथे नावांना लावायची आहे.

आता हे सूत्र आपल्या गावगाड्याला लावून पाहा. ‘कुणबी’ किंवा ‘शेतकरी’ हे आडनाव म्हणून क्वचितच भेटते. गावात पाटलाचे घराणे एक, कुळकर्ण्याचे घराणे एक, चौगुल्याचे एक. साहजिकच पाटील, कुलकर्णी, चौगुले ही आडनावे उदंड. शिर्डीचे सोनारकाम करणारे गृहस्थ ‘सोनार’ या शब्दाने गावात वेगळे निघत असतील, पण जातीच्या पंक्तीत, सोयरिकीच्या बोलण्यात सगळेच सोनार. तिथे ‘नागरे’ हेच उपयोगी. ज्या वर्तुळात माणसाला ओळखायचे आहे, ते वर्तुळ बदलले की उपयोगी नावही बदलते.

याचा सुंदर पुरावा आपल्या संतमंडळीत आहे. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार ही नावे आपण एका श्वासात घेतो. पंढरीच्या वाळवंटात जमणारी ही मंडळी निरनिराळ्या जातींची व धंद्यांची होती. त्या मेळ्यात ‘कुंभार’ हा शब्द गोरोबांना नेमके वेगळे काढीत होता. तेरगावच्या कुंभारवाड्यात मात्र त्याच शब्दाने काहीच साधले नसते.

६.३ कुळ आणि करण

‘कुळकर्णी’ शब्दाचे दोन घटक आहेत. पहिला ‘कुळ’. आज आपण हा शब्द ‘घराणे’ या अर्थी वापरतो, परंतु महसुली भाषेत कुळ म्हणजे ज्याच्या नावे जमीन लावलेली आहे आणि ज्याच्याकडून सारा येणे आहे, असा खातेदार किंवा कसणारा. १९४८ चा कायदा आपण ‘कुळकायदा’ म्हणून ओळखतो, तो याच अर्थाने. दुसरा घटक ‘करण’. संस्कृतात करण म्हणजे करणे हा अर्थ आहेच. पण राज्यकारभाराच्या परिभाषेत त्याला ‘लेखन, दस्तऐवज, दफ्तर’ असा अर्थ प्राप्त झाला आणि दफ्तर सांभाळणारा तो ‘करणिक’. कुळवार हिशेबाचे दफ्तर ठेवणारा तो कुळकरणी.

या ‘करण’ शब्दाचा पसारा मोठा आहे. आपल्याकडील ‘कर्णिक’ हे आडनाव त्यातूनच आले. तेलुगू मुलखात गावच्या हिशेबनिसाला ‘करणम’ म्हणत. आंध्र प्रदेशात ही वंशपरंपरागत पदे १९८४ मध्ये रद्द झाली. ओडिशात ‘करण’ हे लेखनव्यवसायी समाजाचेच नाव आहे. देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील मंत्री हेमाद्री हा ‘श्रीकरणाधिप’ होता, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा प्रमुख. वर उल्लेखिलेले दाभोलकर ज्या ‘हेमाडपंत’ या टोपणनावाने ओळखले जातात, ते या हेमाद्रीवरूनच. थोडक्यात, देवगिरीच्या राजवाड्यातील मंत्री आणि खेड्यातील दप्तर बगलेत मारून चावडीवर जाणारा कुळकर्णी यांच्या हुद्द्यांत शब्द एकच आहे.

काही जण ‘कर्णी’चा संबंध कानाशी, म्हणजे कर्णाशी जोडतात: कुळांच्या तक्रारी ऐकणारा तो कुळकर्णी! ही लोकव्युत्पत्ती होय. ‘करणी’ या उच्चारातील मधला अकार बोलताना लोपतो, त्यामुळे ‘र’ आणि ‘ण’ एकमेकांना भिडतात आणि लेखनात ‘र्ण’ असे जोडाक्षर येते. कानाचा येथे काही संबंध नाही.

आता ‘ळ’ आणि ‘ल’. संस्कृतातील दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो: फल–फळ, बल–बळ, काल–काळ, कुल–कुळ. द्वित्त ‘ल्ल’ मात्र ‘ल’ राहतो: गल्ल–गाल. या नियमाने मराठीतील स्वाभाविक रूप ‘कुळकर्णी’ हेच आहे. पुढे शिष्ट लेखनात संस्कृत रूपांना प्रतिष्ठा आली, ‘कुळ’ सोडून ‘कुल’ लिहिणे अधिक सभ्य वाटू लागले आणि आडनावात ‘ल’ स्थिरावला. कन्नड लिपीतही आज ‘ल’च लिहिला जातो. जुन्या मंडळींच्या तोंडी अजूनही ‘कुळकर्णी’ ऐकू येते. एकाच नावात बोली आणि प्रमाणलेखन यांच्यातील ओढाताण अशी टिकून आहे. जर्मनीतही एकच नाव मध्यभागी म्युलर, उत्तरेकडच्या बोलीत म्योलर आणि दक्षिणेच्या काही भागांत मिलर असे आढळते.

६.४ हुद्द्याचे आडनाव होते तेव्हा

हुद्दा आणि आडनाव यांत फरक कोणता? हुद्दा काम सुटले की सुटतो. आडनाव काम सुटल्यावरही चिकटून राहते. ज्ञानदेवांचे घराणे आपेगावचे कुळकर्णी होते. त्यांचे वडील विठ्ठलपंत यांना आपण आज ‘विठ्ठलपंत कुलकर्णी’ म्हणतो, परंतु तेराव्या शतकात तो शब्द आडनाव नव्हता, वृत्तीचे नाव होते. आपल्याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सांगितल्या गेलेल्या ग्रंथाच्या कर्त्याला कोणी ‘ज्ञानेश्वर कुलकर्णी’ म्हणत नाही, यामागे भक्तिभाव आहेच. पण भाषिक वस्तुस्थितीही तीच आहे. समर्थ रामदासांचे घराणे जांबेचे कुळकर्णी, मात्र आडनाव ठोसर. नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. भानू हे कुलनाम, फडणवीस हा हुद्दा. लोकहितवादींच्या घराण्याचे मूळ आडनाव सिद्धये होते; देशमुखीचे वतन आले आणि गोपाळ हरी ‘देशमुख’ म्हणून आपल्याला ठाऊक झाले. या चार उदाहरणांत हुद्दा हळूहळू कुलनामाला बाजूला सारताना दिसतो. रामदासांच्या बाबतीत कुलनाम जिंकले, लोकहितवादींच्या बाबतीत हुद्दा.

हे घडण्याचे मुख्य कारण ‘वतन’. वतन म्हणजे नुसती नोकरी नव्हे. तो हक्क होता, मिळकत होती, त्यात मानपान होते आणि ते वारसाहक्काने भावाभावांत वाटले जाई. कुळकर्णी वतनाच्या तक्षिमा पडत. दप्तर एक भाऊ लिहीत असला तरी वतनाचे भागीदार सगळे. म्हणून ज्यांनी उभ्या आयुष्यात बोरू हाती धरला नाही, असे भाऊबंदही कुळकर्णी म्हणवून घेण्यास पात्र होते. म्युलरच्या गिरणीप्रमाणे गावात कुळकर्ण्याचे घराणे एक, पण त्या घराण्याचा विस्तार मात्र पिढीगणिक वाढता. हे आडनाव इतके संख्येने का वाढले, याचे उत्तर येथे आहे.

जुन्या मराठी कागदांत माणसाची ओळख बहुधा नाव, बापाचे नाव, हुद्दा आणि गाव अशी येते: अमुक बिन तमुक, पाटील, मौजे फलाणे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमलाखाली न्यायालये, शाळा, जमाबंदीची नवी दप्तरे आणि जनगणना आली. प्रत्येक कागदाला एक ठराविक, न बदलणारे शेवटचे नाव हवे होते. त्या क्षणी ज्याच्या हाती जे नाव होते, ते गोठले. कोणाचे कुलनाम गोठले, कोणाचे गावाचे, कोणाचा हुद्दा. ‘कोते पाटील’सारख्या जोडनावांत दोन्ही टिकले, इतर अनेक घराण्यांत एका भावाच्या शाखेने कुलनाम लावले आणि दुसऱ्याच्या शाखेने ‘पाटील’.

१८७४ च्या कायद्याने इंग्रजांनी वंशपरंपरागत वतनांची मांडणी कायद्यात बसवली. पुढे कुळकर्ण्याची जागा पगारी तलाठ्याने घेतली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५० मध्ये परगणे व कुळकर्णी वतने रद्द करणारा कायदा केला आणि १ मे १९५१ पासून तो अमलात आला. महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. हुद्दा कायद्याने संपला. आडनावाला कायदा लागला नाही.

‘तलाठी’ हे महाराष्ट्रात आडनाव का झाले नाही, हा प्रश्न येथे उद्‌बोधक आहे. काम तेच, गाव तेच, दप्तरही बरेचसे तेच. परंतु तलाठ्याची बदली होते आणि त्याचा मुलगा तलाठी होईलच असे नाही. शिवाय तलाठी आला तोवर लोकांची आडनावे ठरून गेली होती. गुजरातेत ‘तलाटी’ हे आडनाव आढळते. मुंबईच्या पारशी समाजात तर कॉन्ट्रॅक्टर, इंजिनिअर अशी आडनावे झाली, कारण त्यांच्याकडे आडनाव नोंदवण्याची वेळ आली तेव्हा हे नवे धंदे बहरात होते. म्हणजे वंशपरंपरा आणि नोंदीची वेळ, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

६.५ नकाशावरचा कुलकर्णी

आता भौगोलिक प्रसार. हा भाग वाचताना महाराष्ट्र, कर्नाटक व गोवा यांचा नकाशा समोर ठेवावा.

कुलकर्णी आडनावाचा दाट पट्टा म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचा देश भाग, मराठवाडा आणि उत्तर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट, कलबुर्गी हे जिल्हे. हा पट्टा मराठी–कन्नड भाषासीमेला जुमानत नाही, हे विशेष. सुधा मूर्ती यांचे माहेरचे आडनाव कुलकर्णी. त्या हावेरी जिल्ह्यातील शिग्गावच्या आणि मातृभाषा कन्नड. उलट बेळगाव जिल्ह्यात जन्मलेले आणि धारवाडात इंग्रजीचे अध्यापन करणारे जी. ए. कुलकर्णी मराठी कथेचे मानदंड. एकाच प्रदेशातील, एकाच आडनावाचे दोन लेखक दोन भाषांच्या वाङ्मयात बसतात. आडनाव येथे भाषेची नव्हे, तर कारभाराची सीमा दाखवते. बहामनी, आदिलशाही, मराठे आणि पुढे पटवर्धनांसारखे जहागीरदार यांच्या अमलात या सबंध मुलखाचा गावपातळीवरील महसूल जवळजवळ एकाच परिभाषेत लिहिला जात होता, आणि मोडी दप्तर कृष्णेच्या दक्षिणेलाही पोचले होते. आज राज्यसीमा मध्ये आली आहे; आडनावांच्या नकाशावर जुनाच मुलूख दिसतो.

या पट्ट्याच्या कडेला गेलो की शब्द बदलतो, काम तेच राहते. जुन्या म्हैसूर भागात आणि कानडा किनाऱ्यावर गावच्या हिशेबनिसाला शानभोग म्हणत. तेथे ‘शानभाग’ हे आडनाव. विदर्भात व निजामी मुलखात ‘पटवारी’ हा शब्द रुळला होता आणि पटवारी हे आडनावही झाले. कोकणात सारा गोळा करण्याची जबाबदारी बऱ्याच ठिकाणी खोताकडे असल्यामुळे ‘खोत’ हे आडनाव पुढे आले. तेथील ब्राह्मण व इतर घराण्यांनी मोठ्या प्रमाणावर ग्रामनामे किंवा स्वतंत्र कुलनामे राखली. देशावरच्या मानाने तिथे कुलकर्णी विरळ. गोव्यात गावकरी संस्थेचा हिशेब लिहिणाराही कुळकर्णीच होता, त्यामुळे त्या बाजूला हे नाव पुन्हा भेटते.

गावाच्या वर परगणा. परगण्याचा हिशेबनीस तो देशपांडे, आणि त्याचा जोडीदार अधिकारी देशमुख. कन्नड परिभाषेत ‘नाडु’ म्हणजे देश. म्हणून देशपांडे या हुद्द्याचा तिकडचा जोडशब्द ‘नाडकर्णी’ आणि देशमुखाचा ‘नाडगौडा’. नाडकर्णी हे आडनाव आज गोवा, कारवार आणि दक्षिण कोकणात मराठी व कोकणी बोलणाऱ्या घरांत सर्रास आढळते. त्या घरांत कन्नड बोलली जात नसली तरी आडनावात कन्नड राजवटींच्या कारभाराची खूण टिकली आहे. एका परीने देशपांडे आणि नाडकर्णी ही एकाच नावाची दोन भाषांतरे होत.

जर्मनीतील याचा जोडीदार पाहण्याजोगा आहे. गावचा मुखत्यार, साऱ्याची व देण्याची हुकूमत करणारा, म्हणजे साधारण आपल्या पाटलासारखा अधिकारी, तो ‘शुल्थाइस’. हे मूळ रूप नैर्ऋत्येला टिकले. उत्तर व पूर्व भागांत ते झिजून ‘शुल्त्से’, ‘शुल्त्स’ झाले. सायलेशिया प्रांतात ‘शोल्त्स’. दुसऱ्या महायुद्धानंतर सायलेशिया पोलंडकडे गेला आणि तेथील जर्मन रहिवासी विस्थापित होऊन देशभर पांगले. आज शोल्त्स हे नाव सर्व जर्मनीत आढळते, पण त्याचे मूळ स्थान नकाशावर त्याच्या आजच्या दाटीत शोधून सापडणार नाही. आपल्याकडे पुणे, मुंबई, ठाणे येथील कुलकर्ण्यांची संख्या पाहून हे नाव तिथलेच मानणे असेच फसवे ठरेल. वतन गेले, जमीन गेली किंवा कमी पडली, शिक्षण मिळाले आणि माणसे शहरात आली. नकाशा वाचताना ‘आज कोठे आहेत’ आणि ‘नाव कोठे घडले’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत.

आणखी एक गंमत. गावात भेद दाखवणारे नाव शहरात भेद दाखवेनासे होते. एका गावात एक कुळकर्णी. पुण्याच्या एका पेठेत मात्र कुलकर्णीच कुलकर्णी. मग भेदाचे काम आद्याक्षरांकडे जाते. मराठी समीक्षेत व साहित्यात वा. ल., गो. म., द. भि. आणि जी. ए. हे सगळे कुलकर्णीच. वाचक त्यांना ‘वालं’, ‘दभि’, ‘जीए’ म्हणून ओळखतात. आडनाव जिथे थकले, तिथे दोन अक्षरांनी त्याचे काम केले. दुसरा उपाय म्हणजे गावाचे नाव लावणे. संगमनेर तालुक्यातील निमोणचे वतनदार नानासाहेब देशपांडे शिर्डीच्या आठवणींत ‘निमोणकर’ म्हणून येतात. गावात असताना हुद्दा पुरतो, गाव सोडले की गावच आडनाव होते.

स्वयं-अध्ययन : ‘चिटणीस’, ‘सबनीस’, ‘पोतनीस’, ‘पारसनीस’ या आडनावांतील ‘नीस’ हा घटक फारसी ‘नवीस’ (लिहिणारा) या शब्दापासून आला आहे. ही आडनावे आणि ‘कुलकर्णी’ यांत कारभाराच्या कोणत्या पातळ्या दिसतात, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

६.६ बलुतेदार आणि नोंदवही

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांचे जे वर्णन आहे, ते तुम्ही समाजशास्त्राच्या घटकात पाहिले असेल. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांची वतनेही वंशपरंपरागतच होती. मग त्यांची आडनावे ‘कुलकर्णी’सारखी घडली का?

उत्तर प्रदेशावर अवलंबून आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात सुतार, लोहार, कुंभार, गुरव, परीट ही आडनावे म्हणून जागोजागी आढळतात. सीमेपलीकडे त्यांचीच कन्नड रूपे भेटतात: सुताराला बडिगेर, लोहाराला कम्मार. देशपांडे–नाडकर्णी ही जी जोडी आपण वर पाहिली, तिचेच हे गावपातळीवरचे रूप. आपल्या उत्तरेकडच्या भागात त्या मानाने बलुतेदार घराण्यांनी स्वतंत्र कुलनामे अधिक राखलेली दिसतात. म्हाळसापतींचे ‘नागरे’ हे त्याचेच उदाहरण. पश्चिम महाराष्ट्रातील मुस्लिम समाजात अत्तार, बागवान, तांबोळी, मणियार, मुलाणी, पिंजारी अशी व्यवसायनावे मोठ्या संख्येने आडनावे झाली आहेत. यांतील ‘तांबोळी’ हिंदूंतही आहे, कारण विड्याच्या पानाला धर्म नसतो.

वर मांडलेल्या भेदकतेच्या सूत्राशी हे विसंगत नाही का, असा प्रश्न तुम्ही विचाराल, आणि तो योग्य आहे. सोयरिकीत निरुपयोगी असलेला ‘कुंभार’ हा शब्द आडनाव कसा झाला? येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते: नाव कोण लिहीत होते? जातीच्या पंक्तीत कुंभाराला त्याचे कुलनाम ठाऊक होते. पण शाळेचा हजेरीपट, सारावसुलीचा कागद, कोर्टाची नोंद लिहिणारा त्या पंक्तीतला नव्हता. त्याच्या दृष्टीने गावात कुंभाराचे घर एक, आणि ‘कुंभार’ एवढे पुरेसे. म्हणजे भेदकता होतीच. ती लिहिणाऱ्याच्या सोयीची होती, ज्याचे नाव होते त्याच्या सोयीची नव्हती.

आणि हा लिहिणारा अनेक पिढ्या कोण होता? कुळकर्णी. गावातील प्रत्येकाचे नाव कागदावर कसे उतरेल, हे ठरवणाऱ्याचा स्वतःचा हुद्दा सन्मानाचे आडनाव झाला आणि इतरांपैकी कित्येकांच्या वाट्याला जातीचे नाव आडनाव म्हणून आले. यात कोणा एका व्यक्तीचा दोष शोधण्यात अर्थ नाही. परंतु व्यवसायवाचक आडनावांचा अभ्यास करताना लेखणी कोणाच्या हाती होती, हा प्रश्न टाळला तर आपला अभ्यास अपुरा राहील. जर्मन शहरांतही नावे नोंदवली ती कर वसूल करणाऱ्या नगरलेखकांनी. पण तिथे ‘श्मिट’ या नावाला लोहाराची जात चिकटली नाही, कारण पुढच्या पिढीला लोहारकी सोडता येत होती आणि सोयरीक कोठेही होत होती. आपल्याकडे ‘लोहार’ या आडनावाच्या मुलाने संगणकाचे शिक्षण घेतले तरी त्याचे आडनाव ऐकणारा त्याला आधी एका चौकटीत बसवतो.

६.७ आडनावाची साक्ष

महाराष्ट्रात ‘आडनाव काय?’ हा प्रश्न पुष्कळदा निरागस नसतो. विचारणाऱ्याला जात हवी असते. भाषाभ्यासक म्हणून तुम्ही या प्रश्नाला एक शास्त्रीय उत्तर देऊ शकता: आडनाव ही फार भरवशाची साक्षीदार नाही.

‘पाटील’ घ्या. या शब्दाचे जुने रूप ‘पट्टकिल’ माळव्यातील परमार राजांच्या दानपत्रांत गावच्या प्रमुखासाठी येते. हुद्दा गावागावात होता आणि ज्या गावी ज्याची वस्ती व बळ, त्याच्याकडे तो गेला. म्हणून मराठा, आगरी, कोळी, लिंगायत, जैन, लेवा, मुसलमान अशा अनेक समाजांत पाटील आहेत. देशमुख पाहा. चिंतामणराव देशमुख कायस्थ प्रभू, लोकहितवादी चित्पावन, विलासराव देशमुख मराठा. बाजीप्रभू देशपांडे हेही कायस्थ प्रभू होते. ‘देशपांडे म्हणजे देशस्थ’ हे समीकरण पावनखिंडीतच मोडते. कुलकर्णी आडनाव बहुतांशी देशस्थांत असले तरी कऱ्हाडे, सारस्वत, कायस्थ प्रभू यांतही ते आहे.

दुसरी चूक नातेसंबंधाची. काही कुलकर्णी मंडळी आपला मूळपुरुष एक आहे, असे मानून कुलवृत्तान्त तयार करू पाहतात. कुलवृत्तान्त ही स्तुत्य गोष्ट आहे. पण त्याचा आरंभ आडनावापासून नव्हे, गाव, गोत्र, कुलदैवत आणि मूळ कुलनाम यांपासून करावा लागतो. हजारो गावांत हजारो कुळकर्णी घराणी स्वतंत्रपणे होती. दोन कुलकर्णी एकमेकांचे नातलग असण्याची शक्यता दोन म्युलरांएवढीच. आणि आडनाव पुरुषवंशानेच चालत असल्याने त्याचा नकाशा हा निम्म्या कुटुंबाचाच असतो. लेकी ज्या गावांहून आल्या आणि ज्या गावांना गेल्या, ते धागे त्यात दिसत नाहीत.

६.८ उपक्रम

आपल्या गावातील किंवा मोहल्ल्यातील पन्नास घरांची आडनावे, घरच्यांच्या संमतीने, गोळा करा. शाळेच्या वा कार्यालयाच्या कागदांवरून परस्पर उतरवून घेऊ नका. प्रत्येक आडनावापुढे ते गाव, हुद्दा, धंदा, गुण की कुलनाम दाखवते ते लिहा. शंका असेल तेथे प्रश्नचिन्ह ठेवा. त्यानंतर घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला, शक्यतो सासरी आलेल्या स्त्रीला, तिच्या माहेरचे आडनाव आणि ‘आम्हांला पूर्वी काय म्हणत’ हे विचारा. लग्नाच्या जुन्या पत्रिका, खरेदीखते, देवळातील देणगीदारांच्या फरशा यांवरील रूपे वेगळी आढळली तर ती जशीच्या तशी, ‘ळ’चा ‘ल’ न करता, नोंदवा. ज्या घरांच्या आडनावात हुद्दा किंवा बलुत्याचा धंदा आहे, त्यांच्याकडे त्यामागे लपलेले दुसरे कुलनाम आहे का, हे आवर्जून विचारा. अशी किमान तीन घरे मिळाली तर त्यांची माहिती संपर्कसत्रास येताना वेगळ्या कागदावर आणावी.